प्रसाद आणि अवधान
(षट्स्थल-चिंतन : प्रसादीस्थल)



मागील अंकात आपण महेशस्थलाचा विचार केला. भक्ताची श्रद्धा निष्ठेच्या रूपाने दृढ झाली म्हणजे तो महेश या पायरीवर येतो, हे आपण पाहिले. आता तिसरे स्थल प्रसादीस्थल होय. प्रत्येक स्थलाला आचार्यांनी भक्तीचा एकेक प्रकार जोडून दिला आहे. भक्तस्थलाला श्रद्धा, महेशस्थलाला निष्ठा आणि प्रसादीस्थलाला अवधान. अवधान म्हणजे सावधपणा, जागेपणा, लक्ष. जो सावधपणे घेतो तो प्रसादी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जो पुष्कळ घेतो, किंवा ज्याला कोणी काहीही दिले तरी जो 'नाही' म्हणत नाही, तो प्रसादी, असे शास्त्राने कोठेही म्हटलेले नाही. असे असूनही आपल्या समाजात प्रसादाचा नेमका हाच अर्थ रूढ झाला आहे, आणि तो रूढ करण्यात माझ्यासारख्या मठाधिपतींचाही हात आहे. म्हणून हा पाठ लिहिताना आज थोडे स्वतःविषयीही लिहावे लागणार आहे.

प्रथम सिद्धान्त पाहू. अष्टावरणांमध्ये प्रसादाला स्थान आहे. गुरूकडून मिळतो तो शुद्धप्रसाद, लिंगाकडून मिळतो तो सिद्धप्रसाद आणि जंगमाकडून मिळतो तो प्रसिद्धप्रसाद, असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. यांपैकी शुद्धप्रसादाचा संबंध स्थूल तनूशी, म्हणजे या दिसणाऱ्या शरीराशी आहे. शरीराची शुद्धी हे त्याचे फळ. म्हणजे जे घेतल्याने शरीर शुद्ध होते, निर्मळ होते, कायकाला समर्थ होते, त्याला प्रसाद म्हणावे. जे घेतल्याने शरीर बिघडते त्याला प्रसाद हे नाव कसे द्यायचे, हा प्रश्न प्रत्येकाने एकदा तरी स्वतःला विचारावा.

आपल्याकडे प्रसादाविषयी एक सुंदर आचार आहे. लिंगाला अर्पण करून जे ताटात आले त्यातील कण वाया जाऊ द्यायचा नाही. जुनी जाणती मंडळी जेवण झाल्यावर ताट पाण्याने धुऊन ते पाणीही प्राशन करीत. अन्नाविषयीची एवढी पूज्यबुद्धी क्वचितच कोठे आढळेल. परंतु या आचाराचा आपण अर्धाच भाग उचलला. ताट रिकामे करायचे, एवढे आपण लक्षात ठेवले. ताट भरताना विचार करायचा, हे विसरलो. वाढणाऱ्याने आग्रहाने तीन पोळ्या जास्त वाढायच्या आणि जेवणाऱ्याने 'प्रसाद सांडू नये' म्हणून त्या पोटात ढकलायच्या, असा प्रकार चालतो. उकिरड्यावर टाकलेले अन्न वाया जाते हे आपणास दिसते. गरजेपलीकडे पोटात टाकलेले अन्नही वायाच जाते, हे मात्र दिसत नाही.

मलाही ते पुष्कळ वर्षे दिसले नाही.

काही वर्षांपूर्वी श्रावणात रामाकोना येथे माझा मुक्काम होता. रामाकोना हे सौंसर आणि छिंदवाडा यांच्या मधले, छिंदवाडा–नागपूर रस्त्यावरचे गाव. शेजारून कन्हान नदी वाहते. भोवताली कापूस, तूर आणि संत्र्यांचे बगीचे. राज्य मध्यप्रदेश असले तरी घरातली बोली मराठी आणि माणसे अत्यंत अगत्यशील. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली, तेव्हा हे गाव छिंदवाड्याऐवजी पांढुर्णा जिल्ह्यात गेले. असो. त्या मुक्कामात एका दिवशी सात घरी पाद्यपूजा झाली. सात घरी शिरा, सात घरी केळे आणि सात घरी साखरेचा चहा. कोणत्या घराला नाही म्हणावे? मी सातही ठिकाणी घेतले. सायंकाळी प्रवचन होते. त्या विषयाचे नाव, सांगायला संकोच वाटतो, 'इंद्रियनिग्रह' असे होते.

प्रवचनानंतर प्रसादवाटप झाले. ज्यांच्या घरी माझा उतारा होता ते गृहस्थ पुढे आले. संत्र्याचा बगीचा असलेले, पन्नाशीचे, शांत स्वभावाचे भक्त. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. ते जरा थांबले आणि हळूच म्हणाले, "महाराज, मला साखरेचा त्रास आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलंय." मी हसून म्हणालो, "अहो, प्रसादाला कुठे मधुमेह लागतो?" सभा हसली. त्यांनीही हसून पेढा तोंडात टाकला आणि नमस्कार केला. मला ते वाक्य फार चांगले सुचले असे त्या वेळी वाटले. पुढे दोन-तीन गावी मी ते पुन्हा वापरलेही.

दोन वर्षांनी पुन्हा तेथे जाणे झाले. ते गृहस्थ ओसरीवर खुर्चीत बसले होते. उजव्या पायाला पट्टी होती. वैशाखात तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा केली, पायाला फोड आला, आणि तो आलेला त्यांना कळलाच नाही. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही म्हणून माणूस लक्ष देत नाही, आणि रक्तपुरवठा कमी झालेला असल्याने जखम भरत नाही. शेवटी नागपूरला नेऊन दोन बोटे काढावी लागली. मी काही बोलू शकलो नाही. त्यांची पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि खाली बघत म्हणाली, "महाराज, तुमच्या एका पेढ्यानं हे झालं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याच घरचं गोड नाकारलं नाही. मी बोलली की म्हणत, महाराजांनीच सांगितलंय, प्रसादाला मधुमेह लागत नाही."

त्या माउलीच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. गुरूच्या तोंडचे वाक्य भक्त शास्त्र म्हणून घेतो. गुरूने मात्र ते थट्टा म्हणून टाकलेले असते. अवधान कोणाचे सुटले होते? त्यांचे की माझे?

मठात परतल्यावर मी माझीही तपासणी करून घेतली. कित्येक वर्षांत ती केलीच नव्हती. वजन ९२ किलो भरले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी 'एचबीए१सी' नावाची रक्ततपासणी आहे, तिचा आकडा ७.४ आला. हा आकडा ५.७ पेक्षा कमी असावा. ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहोत असे समजावे, आणि ६.५ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह झाला असे वैद्यकशास्त्र सांगते. तात्पर्य, ज्याने सभेत थट्टा केली होती त्यालाच प्रसादाने नव्हे पण प्रमादाने मधुमेह लागला होता.

आता आपण शरणांच्या चरित्राकडे वळू. बाराव्या शतकात कल्याणनगरीत महात्मा बसवेश्वरांच्या सान्निध्यात जे शरण-शरणी होते, त्यांत आयदक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांचे स्थान फार मोठे आहे. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. त्या दाण्यांवर त्यांचा संसार आणि दासोह दोन्ही चालत. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि हे अधिक कशासाठी, असे विचारून जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथे परत ठेवून यायला लावले. ही कथा आपण नेहमी अपरिग्रहाचे, निर्लोभतेचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आहाराचाही एक पाठ आहे. तो पाठ असा की लक्कम्मांनी जास्तीचे तांदूळ शिजवले नाहीत. शिजवून 'आता वाया जाऊ नये' म्हणून खाल्ले नाहीत, किंवा कोणाला आग्रह करून वाढलेही नाहीत. त्यांनी ते दारातच थांबवले. आवश्यक तेवढे कोणते, हे त्यांना घेण्यापूर्वी ठाऊक होते. यालाच अवधान म्हणतात. आपण थांबतो ते पोट दुखू लागल्यावर. लक्कम्मा उंबरठ्यावर थांबतात.

येथे कोणी विचारील, की आमचे आजोबाही पोटभर जेवत, आठ-आठ भाकरी खात, त्यांना का काही झाले नाही? प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर 'कायक' या शब्दात आहे. ते आजोबा पहाटे बैल सोडत, दिवसभर औत हाकत, विहिरीचे पाणी काढत आणि बाजाराला पायी जात. आजी जात्यावर दळत असे. आता नांगरटीला ट्रॅक्टर, पाण्याला मोटार, दळणाला गिरणी आणि चौकात जायला मोटारसायकल. ही साधने वाईट नाहीत, त्यांनी फार कष्ट वाचवले. पण कष्ट गेले आणि ताट मात्र तेवढेच राहिले. त्यातून आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी पेठेत व्यापार करणारी, सकाळी गादीवर बसली की रात्रीच उठणारी. गिऱ्हाइकागणिक चहा. एका कपात दोन चमचे साखर धरली तरी दिवसाच्या पाच कपांत दहा चमचे, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाकाठी पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे जेवणाला बसण्यापूर्वीच आपण दुप्पट खर्च करून बसलेलो असतो.

ताटातले अन्नही बदलले आहे. या सौंसर-पांढुर्णा भागात आणि लगतच्या विदर्भात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, पिठले, कढी, हिरव्या मिरचीचा ठेचा असा आहार होता. तिकडे पातालकोटात भारिया बांधवांच्या घरी कोदो-कुटकी शिजत असे. ज्वारी मागे पडली, पांढरा तांदूळ आणि मैदा पुढे आला. दोन जेवणांच्या मध्ये बिस्किटे, फरसाण, शेव यांचा शिरकाव झाला. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. जगाने आपल्या आजीच्या चुलीची आठवण काढली असे म्हणायला हरकत नाही. मात्र येथेही अवधान हवे. ज्वारीत तंतू अधिक, म्हणून ती बरी. पण ज्वारी झाली तरी पिष्टमयच. भाकरी म्हणून पाच खाल्ल्या तर हिशेब तोच.

प्राचीन आयुर्वेदाने हे सर्व सांगून ठेवले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत. एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी, आणि एक वात-पित्त-कफांच्या संचारासाठी मोकळा ठेवायचा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचा उपचार सांगितला आहे. प्रमेह म्हणजे ज्या रोगसमूहात आजच्या मधुमेहाचा समावेश होतो तो. ज्याच्याजवळ धन नाही, आप्त नाहीत अशा प्रमेही मनुष्याला सुश्रुताचार्य सांगतात की त्याने मुनीप्रमाणे संयमाने राहावे, भिक्षान्न घ्यावे, एका गावात एकच रात्र मुक्काम करावा आणि शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालत जावे.

वाचकहो, हे वर्णन पुन्हा वाचा. भिक्षा मागणारा, एका गावी एकच रात्र राहणारा, सतत चालणारा. हा कोण? हा तर जंगम! जंगम या शब्दाचाच अर्थ चालणारा, हलणारा. जे हलत नाही ते स्थावर. सुश्रुतांनी रोग्याला जे औषध म्हणून दिले ते जंगमाचे नित्य व्रत होते. आणि आजचा जंगम? गाडीतून उतरतो, गादीवर बसतो, सात घरचा शिरा खातो आणि पुन्हा गाडीत बसतो. नावाने जंगम आणि वृत्तीने स्थावर. हे मी कोणा दुसऱ्याविषयी लिहीत नाही.

आजचे वैद्यकशास्त्रही याच दिशेने बोट दाखवते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या लोकांसाठी एक आशेची गोष्टही आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा लोकांना वजन सात टक्के कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे, एवढाच कार्यक्रम दिला. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या तज्ज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात ही घट सुमारे २८ टक्के आढळली. उंबरठा हा आत जाण्यासाठी असतो तसा परत फिरण्यासाठीही असतो.

चालण्याने नेमके काय होते? आपले स्नायू हे साखर वापरणारे सर्वांत मोठे कोठार आहे. स्नायू काम करू लागले की ते रक्तातील साखर ओढून घेतात, आणि हे काम ते इन्सुलिनची फारशी वाट न बघताही करू शकतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तरी जेवणाने वाढणारी साखर आटोक्यात राहायला मदत होते. शतपावलीची जुनी चाल काही उगीच पडलेली नाही.

या विषयात आपल्या परिसराचे एक नाव कृतज्ञतेने घ्यायला हवे. सौंसरपासून सीमा ओलांडली की नागपूर जिल्ह्याचा काटोल भाग लागतो. तेथील डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) हे असंख्य पदव्या मिळवणारे विद्वान आणि काटोलचे आमदार म्हणून सर्वांस परिचित आहेत. आहाराविषयीही त्यांनी मूलभूत चिंतन केले आणि व्याख्यानांतून ते मांडले. २ जून २००४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारातून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे महाराष्ट्रभर जो प्रचार केला तो घरोघरी पोचला आहे. त्याचे सार असे : खरी भूक केव्हा लागते ते ओळखावे, दिवसातून दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवावे, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा याव्यतिरिक्त फारसे काही घेऊ नये, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. थोड्या थोड्या अंतराने थोडे खावे असे मानणारे आहारतज्ज्ञही आहेत, आणि कोणाला कोणती पद्धत मानवेल हे प्रकृतीवर अवलंबून असते. परंतु सतत तोंड चालवू नये, साखर कमी करावी, भुकेची खूण ओळखावी आणि रोज चालावे याविषयी कोणाचे दुमत नाही.

मी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सुरू केले आणि दोन जेवणांचा नियम घेतला. पहिला पंधरवडा कठीण गेला. चारच्या सुमारास चहाची आठवण येई, डोके दुखे, चिडचिड होई. तेव्हा कळले की ती पोटाची भूक नव्हती, घड्याळाची भूक होती. जेवणाचा क्रम बदलला. आधी काकडी-मुळा-गाजराची कोशिंबीर, मग भाजी आणि घट्ट वरण किंवा उसळ, आणि शेवटी दीड भाकरी. भात मूठभर. ताटात जे घ्यायचे ते पहिल्यांदाच घ्यायचे आणि नंतर ताटावर हात आडवा धरायचा. ताट आजही धुऊन पितो, पण ते आता लवकर रिकामे होते.

चालण्याचे म्हणाल तर पहिल्या दिवशी दहा मिनिटांत धाप लागली. म्हणून आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत नेली. आयुर्वेद व्यायाम अर्ध्या शक्तीने करायला सांगतो. कपाळावर घाम आला, श्वास वाढला की थांबावे. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, ही आजची खूण त्याच्याशी जुळते. तीन महिन्यांनी पाऊण तास सहज होऊ लागला. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा आणि भिंतीला हात टेकून जोर काढू लागलो, कारण पन्नाशीनंतर स्नायू झिजतात. चालताना मनात षडक्षर मंत्राचा जप करतो. पावलाला जप आणि जपाला पाऊल मिळाले. अकरा महिन्यांनी वजन ८१ किलो आणि तपासणीचा आकडा ६.२ झाला. डॉक्टरांनी औषधाची मात्रा कमी केली. ती त्यांनी केली, मी नव्हे, हे येथे मुद्दाम सांगतो.

कारण काही सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मनानेच जेवण कमी करू नये किंवा उपवास धरू नये. साखर एकदम खाली जाऊन घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपू शकते. अशी लक्षणे दिसली तर त्या वेळी साखर देणे हाच उपचार आहे. गर्भवती भगिनी, वाढती मुले, अशक्त वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी वैद्याला विचारूनच बदल करावा. चालताना छातीत दुखले, दडपण आले तर तत्काळ थांबून डॉक्टरांकडे जावे. आणि सुश्रुतांनी पादत्राणावाचून चालायला सांगितले असले तरी मधुमेही माणसाने अनवाणी चालू नये. कार्तिक पौर्णिमेला श्रीक्षेत्र कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला आपल्या दिंड्या पायी जातात. ती चाल उत्तम. पण मधुमेह असलेल्या भक्ताने अनवाणी जाण्याचा नवस बोलू नये, आणि बोलला असेल तर मी मठाच्या गादीवरून सांगतो की तो नवस सुटला. रात्री झोपण्यापूर्वी तळपाय आरशात बघावेत. गुरुचरणांची पूजा करणाऱ्याने स्वतःच्या चरणांकडेही बघावे.

उपवासाविषयी एक शब्द. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण दुसऱ्यांना ऐकवतो. पण आपल्या शिवरात्रीला आणि श्रावण सोमवारी काय असते? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू आणि वर गोड चहा. एरवीच्या भाकरी-भाजीपेक्षा ते जड. उपवासाला एखादे फळ आणि ताक पुरे. फळ म्हणजे रस नव्हे. आपल्या भागातील संत्रे सोलून फोडी चावून खाल्ल्या तर तंतू मिळतो आणि एकाने तृप्ती होते. रस काढला तर पेल्यात तीन-चार संत्री जातात आणि चोथ्याबरोबर तंतूही टाकला जातो.

आता गृहिणींना आणि यजमानांना एक विनंती. आहार बदलणाऱ्याचा खरा शत्रू त्याची जीभ नसते. प्रेमळ माणसांचा आग्रह हा त्याचा खरा शत्रू असतो. "एवढ्यानं काय होतं?" हे वाक्य आपण अत्यंत प्रेमाने म्हणतो. ज्याला ते दिवसातून चार घरी ऐकावे लागते त्याचे काय होते हे मी रामाकोन्याला पाहिले आहे. पाहुण्याने पहिल्यांदा 'नको' म्हटले की ते ऐकावे. दासोह म्हणजे समोरच्यातील शिवाला अर्पण. अर्पण करताना घेणाऱ्याला काय हितकर हे पाहावे लागते. अन्यथा ते अर्पण होत नाही, आपलीच हौस होते.

कोणी म्हणेल, महाराज, देह नाशिवंत, त्याचे एवढे कौतुक कशाला? यावर उत्तर सोपे आहे. शरणांनी देहालाच देवालय मानले. देवालयाची झाडलोट करणे हे दगडाचे कौतुक नसते, ती आतल्या देवाची सेवा असते. सडपातळ दिसावे, लोकांनी वाहवा करावी म्हणून जो व्यायाम करतो तो आरशाची पूजा करतो. कायक हातून व्हावे, दासोह घडावा, इष्टलिंग हातावर घेऊन मांडी घालून बसता यावे म्हणून जो देह राखतो तो लिंगपूजाच करतो. क्रिया तीच. अवधानाने तिचे फळ बदलते.

गेल्या श्रावणात पुन्हा रामाकोन्याला गेलो. सर्व घरांना आधीच निरोप धाडला होता, की पाद्यपूजेला शिरा, पेढे, चहा काही नको. संत्र्याची किंवा पेरूची एक फोड पुरे. काही मंडळी नाराज झाली. एका आजीबाईंनी "महाराज आमच्या घरचं खात नाहीत" म्हणून डोळ्यांना पदर लावला. त्यांच्याजवळ बसून मी फोड खाल्ली आणि सगळी हकिकत सांगितली, तेव्हा त्या निवळल्या. सायंकाळी सभेत मी ते जुने वाक्य सर्वांसमक्ष परत घेतले. जेथे म्हटले होते तेथेच परत घेणे आवश्यक होते. ज्यांच्या हातावर पेढा ठेवला होता ते गृहस्थ समोरच बसले होते. ते आता खास बनवलेले मऊ बूट घालून काठीच्या आधाराने बगीच्यात सकाळ-संध्याकाळ फिरतात. प्रसादवाटपाच्या वेळी ते पुढे आले. मी संत्र्याची एक फोड त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती बघितली, अर्धी केली, अर्धी स्वतः घेतली आणि अर्धी परत माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "महाराज, आता बरोबर झालं."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे हळूहळू कन्हानच्या दिशेने चालत गेलो. ते जेथे थांबले तेथे मी थांबलो. प्रवचन कोणी केले नाही.

सद्भक्तहो, या महिन्याचा नेम एवढाच घ्यावा. चहातील साखर निम्म्यावर आणावी. ताट भरण्यापूर्वी क्षणभर थांबून मनात लिंगार्पण करावे आणि भूक किती ते स्वतःला विचारावे. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा रक्ततपासणी करून घ्यावी. आणि प्रसाद देताना देणाऱ्याने, घेताना घेणाऱ्याने, दोघांनीही जागे असावे. पुढील अंकी प्राणलिंगीस्थलाचा विचार करू.

शरणु शरणार्थी.